हवा मानवली काय?

मे महिन्यात सुट्टीला बेळगावच्या शहापुरात आलं की गल्लीत दहा पावलं टाकायच्या आत कुणीतरी विचारतंयच, "काय गं, मानवली काय तिकडची हवा?" आणि मी दरवेळी "हो की, मस्त" म्हणून पुढं सटकते, कारण खरं उत्तर द्यायला लागले तर रस्त्यातच दिवेलागण होईल. तर ते खरं उत्तर इथं लिहितेय, जमेल तसं, मधेमधे भरकटेन, चालवून घ्या.

आम्ही ऑक्टोबर २०२२ मध्ये जर्मनीला गेलो. नवरा उद्यमबागेत एका हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात डिझाइनला होता, त्याला श्टुटगार्टजवळ एस्लिंगेनला नोकरी लागली, नेकार नदीकाठचं गाव आहे, चढउताराचं, डोंगरावर द्राक्षाचे मळे. लेक, घरात तिला चिऊ म्हणतो, तेव्हा पावणेचार वर्षांची. माझं माहेर खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला, म्हणजे पाऊस, चिखल, जळवा, गारठा सगळं लहानपणापासून अंगावर घेतलेलं, त्यात बेळगावकराला आपल्या हवेची घमेंड असतेच, त्यामुळं मला वाटायचं थंडीचं काय एवढं, स्वेटर घातला की झालं. थंडीचं खरंच काही एवढं नव्हतं. त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टींचा.

जाताना अर्धी बॅग औषधांची होती. तापाचं सिरप, ओआरएस, जुलाबाच्या गोळ्या, ओवा, वेखंड, मुरुडशेंग, निलगिरी, ड जीवनसत्त्वाच्या त्या ६०,००० युनिटच्या पुड्या ज्या आपल्याकडं आठवड्याला एक दुधातनं घेतात, आणि दिरांनी "लागला तर असू दे" म्हणून आणून दिलेला अँटिबायोटिकचा एक अख्खा कोर्स. स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधं नेता येतात, चिठ्ठी सोबत ठेवायची. दुधाचे आणि मटणाचे पदार्थ मात्र युरोपात नेता येत नाहीत, म्हणजे कुंदा नाही, घरचं तूप नाही, तेव्हाच सासूबाईंनी जाहीर केलं होतं की त्या देशात काही राम नाही.

सगळ्यात उपयोगी पडली ती चिऊची लसीकरणाची फाइल. तिकडं मार्च २०२० पासून कायदा आहे, गोवराची लस झाल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय बालवाडीत घेत नाहीत, दोन वर्षांपुढच्या मुलांना दोन डोस लागतात. चिऊला इथल्या मुलांच्या डॉक्टरांनी नवव्या आणि पंधराव्या महिन्यात दिलेले होते, तारखा, स्टिकर, शिक्का सगळं जागच्या जागी, म्हणून सुटलो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या कार्डावर नुसत्या बरोबरच्या खुणा होत्या, तारीख नाही, त्यांच्या पोराला परत टोचलं. कुणी जाणार असेल तर एवढं एक काम जायच्या आधी नक्की करा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चिऊच्या दंडावरचा बीसीजीचा व्रण बघून "हे काय लागलंय हिला" असं विचारलं आणि मग स्वतःच "हां हां, बीसीजी" म्हणाल्या. तिकडं १९९८ पासून ती लस सरसकट देत नाहीत, त्यामुळं चिऊच्या वर्गातल्या पोरांच्या दंडावर तो गोल नाहीच. आपल्या सगळ्यांच्या दंडावर असतो म्हणून आपल्याला तो जन्मखुणेसारखाच वाटतो.

पण डॉक्टरीणबाईंपर्यंत पोचायलाच दोन महिने लागले. शहापुरात कसं, पोर कणकणलं की गाडीवर पुढं उभं करायचं आणि डॉक्टरांकडं जाऊन बसायचं, अर्ध्या तासात नंबर, कंपाउंडर ओळखीचा, "परवाच्यापेक्षा बरी दिसालीय की" म्हणणारा. तिकडं आधी टर्मिन. टर्मिन म्हणजे अपॉइंटमेंट, पण त्या शब्दाला तिथं जी किंमत आहे ती आपल्याकडं फक्त मुहूर्ताला असते. मुलांच्या डॉक्टरांचे नऊ दवाखाने फोन करून झाले, सगळीकडं एकच, नवीन पेशंट घेत नाही. शेवटी ११६११७ हा एक नंबर आहे, रात्रीअपरात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा असेल तर लावायचा, तीच मंडळी टर्मिन मिळवून द्यायलाही मदत करतात हे कुणीतरी सांगितलं, तिथनं काम झालं. जीवावरचं असेल तर ११२, ते वेगळं. विम्याचं म्हणाल तर नवऱ्याच्या पगारातनं दर महिन्याला चांगला चिमटा बसतो, पण त्यातच मी आणि चिऊ जास्तीचा पैसा न भरता आलो, आणि मुलांच्या चिठ्ठीवरच्या औषधाला पैसे नाहीत. मोठ्यांना एका औषधामागं पाच ते दहा युरो. पहिल्यांदा चिऊचं औषध घेऊन मी काउंटरवर पाकीट उघडून उभी, आणि ती बाई "झालं, जा" म्हणते, मला वाटलं माझीच समजण्यात चूक झाली.

जानेवारीत चिऊला किटा मिळाला. किटा म्हणजे बालवाडी, आणि किटा म्हणजे सर्दी. मार्चपर्यंत पोरगी सलग दोन आठवडे काही गेली नाही. दारावर रोज नवीन कागद, आज हातपायतोंडाचे फोड आलेत, आज उवा, आज जुलाब, ताप उतरून पूर्ण एक दिवस गेल्याशिवाय आणू नका. मी हवालदिल, डॉक्टरीणबाई निवांत. म्हणायच्या, लहान मुलाला पहिल्या वर्षी आठदहा वेळा सर्दीताप होणं हिशोबातलंच. औषध काय? चहा पाजा. बडीशेपेचा, कॅमोमाइलचा. झोपू द्या. मी पहिल्यांदा अक्षरशः चिडून घरी आले, म्हटलं दोन बस बदलून, गारठ्यात पोरीला घेऊन गेले आणि ही बाई चहा सांगते? आपल्याला डॉक्टरकडनं निदान तीन रंगाच्या गोळ्या आणि एक लाल औषध मिळाल्याशिवाय गेल्यासारखं वाटत नाही. त्या दिरांनी दिलेल्या कोर्सवर माझा हात दोनदा गेला होता, खोटं का बोलू. उघडला नाही, कारण नवऱ्यानं तो कपाटावर अशा जागी ठेवला जिथं माझा हात पोचत नाही. पुढं त्याची मुदतच संपली.

तापाची तर अजून एक गंमत. थर्मामीटर तिकडं सेल्सिअसचा. सासूबाईंचा रोज रात्री व्हिडिओ कॉल.

"किती हाय ताप?"

"३९ आहे आई."

"अगं ३९ म्हणजे? ९९ म्हण की."

"नाही, ३९च. म्हणजे १०२."

"मग १०२ म्हण. ३९ म्हणजे पोरगी गार पडलीय काय असं वाटलं मला."

शेवटी फ्रिजवर मी कागद चिकटवला, ३८ म्हणजे १००.४, ३८.५ म्हणजे १०१.३, ३९ म्हणजे १०२.२. तो अजून आहे. आणि औषध म्हणून आपोथेकेतनं, म्हणजे मेडिकलमधनं, मिळाले ते त्सेप्फशेन. लहान मेणबत्तीसारखं दिसतं, पॅरासिटामॉलच आहे, फक्त तोंडानं द्यायचं नाही. चिऊ सिरप दिलं की ओकायची म्हणून तेच बरं असं सांगितलं. पहिल्या रात्री मी आणि नवरा, एक पाय धरतोय, एक मोबाइलवर सूचना वाचतोय, चिऊ हसतेय. सासूबाईंना सांगितलं तर बराच वेळ गप्प, मग हळू आवाजात, "खालनं?" आणि त्यानंतर आठवडाभर बोळातल्या सगळ्यांना माहीत.

खरी भीती मला वाटली ती एका रात्री. फेब्रुवारी, रविवार, रात्री अकरा वाजता चिऊ कान धरून किंचाळायला लागली. मेडिकल बंद. तिकडं रविवारी सगळंच बंद, एक मेडिकल पाळीपाळीनं उघडं असतं आणि ते त्या दिवशी चौदा किलोमीटरवर. आवाज ऐकून खालच्या मजल्यावरची आज्जी वर आली. ऐंशीच्या पुढची, एकटीच राहते, आमचं तोवर नुसतं नमस्कारापुरतं. तिनं चिऊला बघितलं, खाली गेली, आणि दहा मिनिटांत एक पायमोजा घेऊन आली, त्यात बारीक चिरलेला कांदा, कोमट केलेला. तो कानावर बांधला, वरनं लोकरीची टोपी. मी व्हिडिओवर सासूबाईंना दाखवलं, आता काहीतरी नावं ठेवतील असं वाटलं, तर त्या एकदम खुश. "बघ, शहाणी बाई हाय. आमच्यात लसणीचं तेल घालत्यात, ती कांदा लावालीय, एकच की." पोर तासाभरानं झोपली, कांद्यानं का रडून दमल्यानं ते देव जाणे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कान बघितला, आतनं लाल होता, दुखणं कमी करायचं सिरप दिलं, म्हणाल्या दोन दिवस वाट बघू, बहुतेक आपोआप बसेल, नाही बसलं तर अँटिबायोटिक. बसलं. कांद्याला त्या काही बोलल्या नाहीत, बाहेरनं लावलाय तर लावू दे म्हणाल्या. कानात तेल मात्र अजिबात घालायचं नाही, हे दोनदा बजावलं, ते मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासनं ती खालची आज्जी आमची झाली. ताप आला की पोटऱ्यांना ओल्या फडक्याच्या पट्ट्या गुंडाळायच्या हे तिनं शिकवलं. आपण कपाळावर ठेवतो, ते पायाला. पोट दुखलं की चेरीच्या बियांची उशी गरम करून द्यायची, आपली मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करतात तसंच. आणि वारं! मला वाटायचं वारं लागणं हे फक्त आपल्याकडं. छे. बसमध्ये कुणी खिडकी उघडली की म्हाताऱ्या बायका मफलर आवळतात आणि म्हणतात "एस त्सीट", म्हणजे वारं ओढतंय. मान आखडली, वारं लागलं. कंबर धरली, वारं लागलं. एवढी मशीन बनवणारी माणसं आणि वाऱ्याला भितात, मला फार बरं वाटलं ते बघून.

आता भाषेचं. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

मी लहान असताना आईला एकदा एका सरकारी दवाखान्यात नेलं होतं. केसपेपर कन्नडमधनं, पाट्या कन्नडमधनं, डॉक्टर धारवाडकडचे, चांगले होते पण मराठी नाही. १९५६ पासूनचं सीमावादाचं ते सगळं इथं काढत बसत नाही, दोन्हीकडनं बोलून झालंय. तर आईला कन्नड येत नव्हतं असं नाही, पण तिचं कन्नड बाजारातलं. एष्टु, कम्मी माडरी, साकु. भाजी घ्यायला पुरतं. दवाखान्यात "एल्लि नोवु" विचारल्यावर ती "होट्टे नोवु" म्हणाली आणि थांबली. पोटात दुखतंय, बास. पण तिला पोटात दुखत नव्हतंच, तिला गोळा फिरल्यासारखं व्हायचं, जेवल्यावर जीव घाबराघुबरा व्हायचा, हे कन्नडमध्ये कसं सांगणार? मग लायनीतली एक अक्का पुढं झाली, तिनं आईचं मराठी ऐकलं आणि डॉक्टरांना भराभरा कन्नडमधनं सांगितलं, हातवारे करून, गोळा कसा फिरतो ते बोट फिरवून दाखवलं. डॉक्टर हसले आणि बरोबर औषध दिलं. ती अक्का कोण, कुठली, काही माहीत नाही.

तर एस्लिंगेनमध्ये माझं जर्मन म्हणजे आईचं कन्नड. कितीला, कुठं, धन्यवाद. आणि मला झाली उष्णता. हीटर दिवसभर चालू, हवा कोरडी ठाक, डोळ्यांची जळजळ, तोंड आलेलं, लघवीला जळजळ. उष्णता! आपल्याकडं कुणीही सांगेल, सब्जा पी, धन्याचं पाणी पी. मी डिक्शनरी बघून गेले आणि डॉक्टरांना सांगितलं की मला गरमी आहे. त्यांनी ताप बघितला, ३६.७. ताप नाही. मी म्हटलं ताप नाहीच हो, गरमी आतनं आहे. ते बघतच राहिले. नंतर नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका बाईकडनं कळलं की मी ज्या शब्दरचनेत ते बोलले त्याचा अर्थ भलताच होतो, इथं लिहिण्यासारखा नाही. असो. लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला, औषध मिळालं, बरी झाले. पण त्या दिवशी घरी येताना कळलं की पित्त, कसकस, अंग मोडून येणं, ठणका, कळ, चमक, मुरडा, पोटात धस्स होणं, हे एवढे सगळे शब्द आपल्याकडं आहेत आणि ते सगळे मी त्या दारात चपलेसारखे काढून आत जाते, आत गेल्यावर फक्त "इथं दुखतंय" उरतं.

त्यांच्याकडंपण आहेत बरं का असले शब्द. क्राइसलाउफ म्हणून एक आहे. म्हणजे रक्ताभिसरण, पण "आज माझा क्राइसलाउफ बरा नाही" म्हणजे चक्कर, अशक्तपणा, हवा बदलली, काहीही. सगळे मान हलवतात. मी तो शब्द शिकले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता हळूहळू जमेल.

पण त्याच्या आधी तो पहिला हिवाळा होता. डिसेंबरात तिथं सकाळी आठनंतर उजाडतं आणि साडेचारला अंधार. मी घरात, चिऊ आजारी नाहीतर झोपलेली, नवरा अंधारात जातो अंधारात येतो. केस मूठमूठ गळायला लागले, मी पाण्याला दोष दिला, किटलीत पांढरा थर बसतो त्या पाण्यानं. सकाळी उठवेना. भाजी फोडणीला टाकून मी गॅससमोर उभी राहायची आणि जळल्याचा वास आला की कळायचं. रडू यायचं नाही, ते आलं असतं तर बरं झालं असतं. आई फोनवर विचारायची काय होतंय गं, मी म्हणायची काही नाही, कसंतरीच होतंय.

मार्चमध्ये नवऱ्यानं टर्मिन घेतला. माझ्यासाठीच्या डॉक्टर बदलल्या होत्या, या मूळच्या सिरियाच्या, त्यांचं जर्मन सावकाश, एकेक शब्द सुटा. मला ते समजत होतं. त्यांनी विचारलं काय होतंय. मी "कसंतरी"ला शब्द शोधत बसले, मोबाइलवर काढला तर भलतंच काही आलं. त्या म्हणाल्या, मोबाइल ठेवा, तुमच्या भाषेत सांगा. मी म्हटलं तुम्हाला येत नाही. म्हणाल्या, सांगा तर खरं. मग मी मराठीत बोलले, चारपाच मिनिटं सलग, कुणीच समजत नव्हतं त्या खोलीत, आणि मधेच रडायला लागले. त्यांनी टिश्यूचा डबा पुढं केला, घड्याळाकडं बघितलं नाही. मग साधे प्रश्न विचारले, झोप कशी, भूक कशी, बाहेर किती वेळा जाता, कुणाशी बोलता, आणि शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर होतं, फोनवर.

रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व तळाला, लोहाचा साठा पण कमी. ड ची तपासणी विम्यात सरसकट बसत नाही, खिशातनं पैसे भरले. त्यांनी समजावलं की त्या अक्षांशावर ऑक्टोबर ते मार्च ऊन पडलं तरी इतकं तिरकं असतं की त्यातनं कातडीला ड तयार करता येत नाही, आणि आपली कातडी सावळी, तिला ऊन जास्तच लागतं. मी बेळगावची, मला वाटायचं गॅलरीत दहा मिनिटं उभी राहिले की झालं. माझ्याकडच्या ६०,००० च्या पुड्या दाखवल्या तर त्यांनी चष्मा काढून परत आकडा वाचला. तिकडं रोज थोडी थोडी, १००० युनिटची गोळी. आणि उजेड असेल तेव्हा अर्धा तास चालायचं, पाऊस असला तरी, आणि जर्मनचा क्लास लावायचा. क्लास हे औषधाच्या चिठ्ठीत लिहिलं नव्हतं पण सांगितलं तसंच, दिवसातनं किती वेळा ते सुद्धा. गोळ्यांनी किती, चालण्यानं किती आणि क्लासमधल्या त्या तुर्की आणि युक्रेनी बायकांबरोबर कॉफी पिण्यानं किती फरक पडला हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही.

घराचंपण एक होतं. चिऊचा खोकला सगळे आजार गेले तरी जाईना. बेडरूमच्या कोपऱ्यात पलंगामागं काळे ठिपके, मी पुसायची, परत यायचे. बुरशी. चूक आमचीच, थंडी म्हणून खिडक्या बंद, त्यात रोज कुकरच्या शिट्ट्या, डाळीची वाफ, कपडे घरातच वाळत. घरमालकानं येऊन भिंतीवर ओल मोजायचं छोटं घड्याळ लावलं आणि सांगितलं, ६० च्या वर जाऊ द्यायचं नाही, दिवसातनं दोनतीन वेळा सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाचदहा मिनिटं, बाहेर बर्फ असला तरी, नुसती फट ठेवायची नाही. पलंग भिंतीपासनं लांब. आम्ही केलं आणि दोनेक आठवड्यांत खोकला गेला. वाऱ्याला एवढी भिणारी माणसं भर थंडीत खिडक्या सताड उघडतात याचा मेळ मला अजून लागलेला नाही.

एप्रिल आला, ऊन आलं, सगळं गाव बाहेर. आम्हीपण चिऊला घेऊन मळ्याच्या वरच्या रानात गेलो, आणि रात्री आंघोळीला घातली तर गुडघ्यामागं काळा ठिपका. मी बघितलं आणि माझे हातपाय गार. गोचीड! माहेरी म्हशींच्या कानात ढिगानं बघितलेली, पण भीती ती नव्हे. आमच्या जांबोटीकडनं चोर्ला घाट उतरलं की सत्तरी, तिकडं दोडामार्ग, २०१५–१६ ला त्या भागात माकडतापानं माणसं गेली होती, गोचिडीनं होतो तो. काजूच्या बागेत जायला बायका घाबरायच्या. ते सगळं डोळ्यासमोर. मी रॉकेल शोधायला लागले, आमच्याकडं रॉकेल लावून काढतात, जर्मनीत रॉकेल कुठलं. खालच्या आज्जीनं चिमटा आणला, कातडीला लागून धरली, हळू सरळ वर ओढली, काढली. तेल, रॉकेल, नेलपॉलिश काही लावायचं नाही, त्यानं उलट ती विष आत सोडते, असं तिनंच सांगितलं, डॉक्टरीणबाईंनीपण तेच. जागेवर पेनानं गोल करून तारीख लिहून ठेवली, पुढचे काही आठवडे लाल कडं पसरतंय का बघायचं, पसरलं तर तो बोरेलिया, त्याला अँटिबायोटिक लागतंच, तिथं चहा चालत नाही. दुसरा आजार मेंदूला सूज आणणारा, विषाणूचा, तो आणि आपला माकडताप एकाच घराण्यातले. मी क्यासनूर म्हटलं, माकडतापाचं डॉक्टरी नाव ते, तर डॉक्टरीणबाईंचे डोळे चमकले, त्यांनी पुस्तकात वाचलं होतं, १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या त्या रानात सापडलेला. म्हणाल्या तुम्ही तिकडच्या? मी म्हटलं, तिकडच्या नाही, जरा वरच्या अंगाला. पण इतक्या लांब कुणाला आपल्या बाजूचं काहीतरी माहीत आहे आणि ते नेमकं माकडताप आहे, याचं हसावं का रडावं. त्या विषाणूवर लस आहे, तीन डोस, तो भाग धोक्याचा म्हणून विम्यातच मिळते, आम्ही तिघांनी घेतली. आता रानातनं आलं की पायमोज्यापासून काखेपर्यंत तपासणी, चिऊ स्वतःच हात वर करून उभी राहते.

नवऱ्याला दोन वसंत काही झालं नाही, तिसऱ्या वसंतात बर्च झाडाच्या परागानं डोळे सुजले, शिंका, रोज गोळी. त्याला आयुष्यात कधी सर्दी नव्हती. वजन त्याचं वाढलं, पाव, चीज आणि संध्याकाळची ती बाटली, माझं चार किलो उतरलं, कारण शहापुरात मी कोथिंबीर आणायलापण ॲक्टिव्हा काढायची आणि तिथं तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नाही. ज्वारीचं पीठ श्टुटगार्टच्या दुकानात मिळतं पण जुनं असतं, भाकरी चिरते.

मी २०२४ पासनं अर्धा दिवस नोकरी करते. पोर आजारी पडलं तर वर्षाला आईला पंधरा आणि बापाला पंधरा दिवस, पगाराचा बराचसा भाग विमावाले देतात. हे सासूबाईंना पटवायला वेळ लागला. "ताप पोरीला आणि रजा बापाला?" त्या २०२४ च्या मेमध्ये आल्या, नव्वद दिवसांच्या व्हिसावर, ३०,००० युरोचा प्रवासविमा काढून, बीपीच्या तीन महिन्यांच्या गोळ्या मोजून. बीपी ठीक राहिलं, जिन्यानं गुडघे बोलायला लागले. पण त्यांचं खरं दुखणं वेगळंच, जूनमध्ये तिथं दिवस मावळतो साडेनऊला. त्या सात वाजल्यापासनं तेलवात करून देवासमोर बसायच्या, खिडकीतनं लख्ख ऊन. दिवा लावायचा कधी? दिवा लावल्याशिवाय जेवण नाही, जेवण उशिरा म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून पित्त. आठ दिवसांनी मी फोनवर बेळगावची दिवेलागण कधी ते काढून दाखवलं, म्हटलं आपल्या देवाला आपल्या घड्याळानं चालतंय. त्यांनी विचार केला आणि दुपारी साडेतीनला दिवा लावायला लागल्या. झोप आली. खालच्या आज्जीशी त्यांची एकही भाषा सारखी नव्हती, तरी दोघी रोज तासभर बाकावर, एकमेकींचे गुडघे दाखवत.

यावेळी येताना मी चिऊसाठी त्सेप्फशेनचं एक पाकीट आणलं होतं, सवय. परवा तिला ताप आला, बाहेर ३५ डिग्री, आणि पाकीट उघडलं तर सगळ्या मेणबत्त्या वितळून पाणी. सासूबाईंनी ते बघितलं, काही न बोलता पाकीट नेऊन फ्रिजमध्ये कुंद्याच्या डब्याशेजारी ठेवलं, आणि चिऊला मांडीवर घेऊन विचारलं काय होतंय बाळा. चिऊ म्हणाली, "बाउखवे." सासूबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, हिंगाची डबी काढली आणि बेंबीला लावायला लागल्या.